मनगटावरचा लाल आकडा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेमलताबाईंनी पेला टेबलावर आपटला. पिवळट पाण्यात अळी वळवळत होती. "टाकीत गटार मिसळतंय!"

सेक्रेटरी धायगुड्यांनी पाहिलं ते बाईंच्या मनगटावरच्या हार्मोन मोजणाऱ्या पट्ट्याकडे. "वहिनी, तुमचं इस्ट्रोजेन लाल दाखवतंय. आकडा हिरवा होईपर्यंत बाईची तक्रार घ्यायची नाही, असा नियम आहे."

"अहो, पाळी जाऊन चार वर्षं झाली! या वयात ते कमीच असतं. तुमच्या पट्ट्याला फक्त पंचविशीतली बाई ठाऊक!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंना शिसारी आली. त्यांनी पट्टा काढून धायगुड्यांच्याच मनगटावर आवळला. पुरुषातही इस्ट्रोजेन असतं, पण थोडं. आकडा लालच राहिला.

"पट्टा बिघडलाय," धायगुडे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. धायगुड्यांच्या घशाला कोरड पडली होती. समोरचा तोच पिवळट पाण्याचा पेला उचलून ते घटाघटा प्यायले.