नवी पायरी

"चाव की रं," चिमाबाई म्हणाली. "चावल्याबिगर कसं कळायचं?"

सयाजीनं कडुलिंबाचा पाला गालात धरला होता, पण दाढ काही खाली येईना. साल अठ्ठ्याहत्तर, पाडव्याची सकाळ. भोसरीच्या माळावर कंपनीच्या कॉलनीनं दत्ताचं देऊळ बांधलं, त्यातला हा पहिला पाडवा. सगळी कॉलनी नवीकोरी कापडं घालून आत जमली होती. सयाजीची बायको कस्तुरासुद्धा हिरवं लुगडं नेसून पुढं गेली होती. आणि हा गडी बाहेर! खांद्याला गुढीची वेळूची काठी, पिशवीत गुळाची भेली, आणि पायांत अजून तिसऱ्या पाळीचे जाडजूड बूट.

घडलं होतं एवढंच. पाळी सुटल्यावर तो सायकल मारत चऱ्होलीच्या ओढ्याला गेला. वेळूच्या बेटात काठी तोडताना बोटाला काहीतरी डसलं. दुसरा कोणी असता तर काटा म्हणून बोट चोखून मोकळा झाला असता. पण देवळाच्या जागेवरचं वारूळ सयाजीनं स्वतःच्या हातानं पहारीनं फोडलेलं. कमिटीनं लांब उभं राहून "हाण, सयाजी, हाण!" एवढी मदत केली. वारुळातून निघालं काहीच नाही. एक काळीभोर वाट तेवढी खोल गेलेली दिसली. तिच्यावरच त्यांनी पायरीची फरशी बसवली.

चिमाबाई गावची जुनी. तिनं तेव्हाच बजावलं होतं, "वारुळाचा मालक घरी न्हाई. आला म्हंजी डूख धरील." तेव्हापासून ती देवाला हात जोडी ते बाहेरूनच.

आता, साप डसलेल्याला कडुलिंब गोड लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्याला ठाऊक नसेल त्याच्यावर चव घ्यायची वेळ न येवो.

दारात नुसती झुंबड उडाली होती. पायरीवर पाय पडला की जो तो टुणकन उडत होता.

"आई गं! टोचतंय की!"

"गवंड्यानं फरशी घासलीच नाही मेल्यानं!"

"घासून देतो, पाडवा तर होऊ द्या!" अध्यक्ष दौलतराव आतून ओरडले. "सयाजीराव, काठी आणा, गूळ आणा! किती वाट बघायची? आम्ही नुसता पालाच वाटायला घेतला बघा!"

सयाजीनं दत्ताचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि दाढ दाबली.

कडू. जहर कडू. जीभ आतल्या आत गोळा झाली, डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात कुठला पेढा त्याला इतका आवडला नसेल.

"कडू हाय, मावशी! कडू हाय!"

"मंग जगलास," चिमाबाई म्हणाली, आणि त्याच्या बोटातलं वेळूचं बारीक कुसळ तिनं नखानं उपटून दाखवलं. "ह्येच्यापायी रडत हुतास व्हय?"

सयाजी खदाखदा हसला. काठी भिंतीला टेकवली आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. एक गाठ सुटली. दुसरीला हात घालतो न घालतो तोच त्याच्या ध्यानात आलं, की आतला गलका थांबलाय.

मग दौलतरावांचा आवाज आला. "अहो, पाल्यात गूळ कोणी कालवला?"

"कालवलाय मात्र झकास!" कोणीतरी म्हणालं. "यंदा तोंड वाकडं करायला नको."

आत हशा पिकला. बाया, म्हातारे, पोरं, सगळे "गोड, गोड" म्हणत मिटक्या मारत होते.

सयाजीचा हात पिशवीत गेला. भेली होती तशीच होती. वरची सुतळीसुद्धा सुटली नव्हती.

लुगड्याचा घोळ आवरून चिमाबाई हळूच उठली आणि पायरीपासून मागं मागं सरकली.

तेवढ्यात कस्तुरा दारात आली. ओठ पाल्यानं हिरवे झालेले. एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा खाजवत ती हसून म्हणाली,

"अवो, बसलाय काय असं? साखरंवानी लागतोय पाला. काढा ते बूट, अन् या वर."