उसनी म्हैस

"एका दिवसासाठी तुही म्हैस दे, शांताबाई," चैतराम म्हणाला. "डॉक्टर मॅडम पाहून गेल्या का लगेच आणून बांधतो."

शेजारच्या शांताबाईनं आधी शेणाचे हात धुतले, मग विचारलं, "काहून? तुही कुठी गेली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सरकारी अनुदानातून मिळालेली म्हैस तीन वर्षं दाराशीच पाहिजे, नाहीतर अनुदान परत, अशी अट होती. आणि चैतरामनं ती म्हैस महिन्यापूर्वीच वारासिवनीला, लेकीच्या घरी पोचवली होती. नातू दीड वर्षाचा आणि अंगानं नुसती काडी. तिथलं पाणी घातलेलं दूध त्याच्या अंगी लागत नव्हतं. आजोबाला ते बघवलं नाही. वाटेत कुणी ओळखू नये म्हणून तिच्या कानातला नंबराचा पिवळा बिल्ला तेवढा काढून घरी ठेवला. चैतरामला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक होतं.

काल पंचायतीतून दोन पानी कागद आला. अनुदानाच्या म्हशीची बिल्ल्याच्या नंबरानुसार तपासणी, मंगळवारी जनावर घरीच बांधून ठेवावं. एवढं वाचूनच त्यानं कागद मिटला. चोराच्या मनात चांदणं. दुसरं पान त्यानं उलटलंच नाही.

"सांजेच्या धारेले परत पायजे मले," शांताबाई म्हणाली. "लामत्याच्या हॉटेलात दूध जाते माहं. दुसरं काही नाही माह्यापाशी."

"हौ, हौ."

तिच्या म्हशीचा बिल्ला झुडपात अडकून कधीच पडला होता. कानाला भोक तयार होतं. चैतरामनं आपला बिल्ला त्यात बसवून तारेनं आवळला.

मंगळवारी सकाळी लेकीचा, मयुरीचा फोन आला. "बाबा, पोरगा ऐकतच नाही आता. गिलास घेऊन म्हशीपाशीच उभा राह्यते. उकळाची वाट पाहात नाही, धारेचंच पिते."

"पिऊ दे. धारेच्या दुधानंच हाडं भरते," चैतराम म्हणाला. त्याचं मन भरून आलं.

अकराला जनावरांच्या डॉक्टर मधुवंती मॅडम आल्या. त्यांनी बिल्ल्यावरचे बारा आकडे कागदाशी ताडून पाहिले, एकदा नव्हे दोनदा. चैतराम म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"हीच ती," मॅडम म्हणाल्या. "कागद पूर्ण वाचलात ना, काका?"

"हौ मॅडम."

"मग इथे सही करा. पैसे महिन्याभरात खात्यात येतील."

अनुदानाचा शेवटचा हप्ता बाकीच होता. त्यानं सही ठोकून दिली. घोडं गंगेत न्हालं.

"हिचं दूध कोण पितं?"

"मी अन् बायको."

"उकळून?"

"हौ."

"घरात लहान मूल?"

नातवाचं नाव काढलं तर वारासिवनीचं बिंग फुटणार. "नाही मॅडम. आमी दोघंच."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पेटीतून इंजेक्शन काढलं. लस असेल. सरकार हल्ली फुकटात टोचतं. चैतरामनं हौसेनं म्हशीचं डोकं धरलं. मॅडमनी मानेच्या शिरेत एक सुई दिली, थोड्या वेळानं दुसरी.

म्हशीचे पुढचे गुडघे वाकले. ती कुशीवर कलली, एकदा खोल श्वास घेतला, आणि पुढचा घेतलाच नाही.

"मॅडम, हे काय केलं? मेली ही." चैतराम म्हशीपाशी खाली बसला. शांताबाई डोळ्यांपुढे उभी राहिली. सांजेला तिला काय सांगायचं?

"कागदात सगळं लिहिलं होतं ना, काका. भरपाईचंही." मॅडम हातमोजे काढत होत्या. "दोन महिन्यांपूर्वीच्या शिबिरात रक्त घेतलं, तेव्हा या नंबरच्या म्हशीला रोग निघाला. त्याला इलाज नाही. आणि कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो."

त्याचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी पेटी बाजूला ठेवली. मग समजुतीनं म्हणाल्या, "जनावराचं दुःख होतंच. पण घरात लहान मूल नाही, हे नशीब समजा."