वाढत्या अंगाची सीट

"वाढत्या अंगाची दावा," परशरामनं दुकानदाराला फर्मावलं. "पोर काय आज हाय तेवढंच ऱ्हाणार हाय व्हय?"

दुकानदारानं वरच्या फळीवरून लहान मुलांची कारमधली सीट काढली. आठ महिन्यांच्या ओमकारला तीत ठेवलं, तर पोर पार तळाला जाऊन बसलं. खांद्याचे पट्टे कानांच्याही वर. बाहेरून दिसत होतं ते नुसतं टोपडं.

"झकास!" परशराम म्हणाला. "दोन वर्सात बरोब्बर भरंल."

म्हटलं तर यात वावगं काही नव्हतं. येळ्ळुरातली सगळी पोरं वाढत्या अंगाच्या कपड्यांतच वाढली. खुद्द परशरामचा लेक रविराज पहिलीत गेला तेव्हा त्याची चड्डी पोटरीवर यायची. चौथीत ती अंगाला बेतशीर बसली आणि त्याच आठवड्यात फाटली. पण आज परशरामच्या पोटात दुसरंच होतं.

दारात गाडी आल्यापासून सुनेनं, माधवीनं, एकच धोशा लावला होता: सीट घेतल्याशिवाय पोर गाडीत बसायचं नाही. आणि आज तर नंदगडला, तिच्या माहेरी, ओमकारचं जावळ काढायचं होतं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं, ही रीतच. तिथं आज्याला कोण विचारतो? मग वाटेतला तासभर तरी नातू आपल्या मांडीवर पाहिजे, एवढाच म्हाताऱ्याचा हट्ट. त्यासाठी मांडीवर अंथरायचा रबराचा तुकडासुद्धा तो खिशात घालून आला होता. सीट मोठी घेतली की दोन वर्षं ती माळ्यावर, आणि तोवर आज्याची मांडी कायम! रिटायर माणसाला अशा युक्त्या सुचायला वेळ भरपूर असतो.

"आप्पा, ही लई ढिली हाय," माधवी म्हणाली.

"आज ढिली हाय. फुडं न्हाय."

"मग तोवर?"

"तोवर मी हाय की! हे हात बघ. तीस वर्सं लोखंड उचललंय. माझ्या हातातनं पोर सुटंल व्हय?"

रविराज खेळण्यातल्या आगगाडीकडं टक लावून उभा राहिला. बाप आणि बायको यांच्या मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आलं होतं.

माधवीनं त्या हातांकडं पाहिलं. सासरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरायचा. साच्यात लोखंडाचा रस ओतताना आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा कोर, म्हणजे गाभा, बसवतात. तो बसवावा तर परशरामनंच, असं तिथले लोक अजून बोलतात.

"आप्पा, एक इचारू? साच्यात कोर ढिला बसला आणि वरनं रस ओतला, तर काय हुतंय?"

कामाचं विचारलं म्हटल्यावर परशरामची छाती पुढं आली. "काय हुतंय? हलतोय, जागा सोडतोय, सगळा माल भंगारात! कोर कसा मापात पायजे."

"आणि कुणी हातानं दाबून धरला तर?"

"हातानं? खुळी हाईस काय गं? रसाच्या जोराफुडं हात टिकतोय व्हय?"

बोलून गेला आणि तोंड उघडंच राहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. गाऱ्हाणं कुणाकडं घालणार? त्यानं खाली वाकून पोराची छाती आणि पट्टा यांच्या मधे हात घातला. अख्खी मूठ आत गेली. परशरामचा चेहरा उतरला. पोर मात्र त्याची मूठ चाटत होतं.

"आठ म्हयन्याच्या मापाची काढा," तो दुकानदाराला हळूच म्हणाला.

दुकानदारानं मापाची सीट आणून गाडीत मागं बसवली, ती उलटी. पोराची पाठ रस्त्याकडं.

"अहो, हे उलटं झालं की!" परशराम करवादला. "पोरानं बघायचं काय?"

"बारक्या पोरांची अशीच बसवायची, अज्जा. कचकन ब्रेक लागला तर मानेला हिसका बसत न्हाय."

माधवी पुढं बसली, गाडी रविराज चालवायला लागला, आणि परशराम रिकामी मांडी घेऊन मागं, सीटशेजारी. खिशातला रबर उगाच टोचत होता. मामाला मांडी, आज्याला बाजूची जागा! असला राग आला होता म्हणता, देसूरपर्यंत तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

मग मान वळवली, तर ओमकार त्याच्याकडं बघत होता.

मांडीवर घेतला की पोराचं तोंड जगाकडं असायचं. आज्याच्या वाट्याला आठ महिने नुसती टाळू आली होती. आता दोन काळेभोर डोळे थेट त्याच्यावर लागलेले. परशरामनं भुवया उडवल्या. पोर हसलं. खालचे दोन दात लुकलुकले. परशरामनं मिशी हलवली. पोर खिदळलं. मग काय विचारता! रेडा झाला, कोंबडा झाला, पिठाची गिरणी झाली. आपल्याला कान हलवता येतात, हे त्याला साठी उलटल्यावर आज कळलं. खानापूर कधी मागं पडलं, त्याचा पत्ताच नाही.

नंदगड जवळ आलं तशी माधवीनं मागं वळून पाहिलं. सासऱ्याची टोपी तिरकी, डोळे पाण्यानं भरलेले. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या मांडीवरचं पोर आपण काढून घेतलं.

"आप्पा, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "जरा मोठा हूं दे. मग सीट फिरवू, तोंड फुडं करून बसंल तो."

परशराम दचकला. त्यानं सीटवर हात ठेवला.

"काय गडबड हाय?" तो म्हणाला. "लगीन ठरूस्तोर ऱ्हाऊ दे की असाच!"