आठवणीतली धून

संगीतकारांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सत्कार ठेवला होता. त्यांनी चाल दिलेल्या जुन्या मालिकेचं शीर्षकगीत सभागृहात वाजलं, तसे लोक डोळे पुसत गुणगुणायला लागले. तेवढ्यात पन्नाशीचा एक वायरमन स्टेजवर चढला आणि त्याने संगीतकारांच्या तोंडावर दोन ठोसे हाणले. दात पडले, सदरा रक्ताने भिजला.

संगीतकारांना दवाखान्यात नेलं. पोलीस येईपर्यंत वायरमनला मागच्या खोलीत बसवलं. संगीतकारांची मुलगी तिथे आली, तेव्हा त्याने हात जोडले.

"त्यांच्याशी माझं काही वैर नाही हो, ताई. हे गाणं लागलं की माझा बाप टीव्हीचा आवाज मोठा करायचा आणि आम्हाला पट्ट्याने फोडून काढायचा. आज ते कानावर पडलं आणि माझं डोकंच फिरलं. माफ करा मला."

तिने दार लोटलं. त्याच्या शेजारी बसून त्याच्या सोललेल्या मुठीला आपला रुमाल बांधला.

"तुमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच लागायचं, दादा. आमच्याकडे चाल अडली की बाबा आम्हाला बडवायचे, आणि त्यांची चाल रोज अडायची."