दहा हजार दिवसांचं बाळ

नर्स बाळाच्या टाचेला तिसऱ्यांदा सुई टोचणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला.

"बाळाला सोडा," त्या म्हणाल्या. "आईचं रक्त घ्या."

बाळंतीण खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती, ती दचकून जागी झाली. तिची आई नातीला छातीशी धरून शेजारीच उभी होती.

"हिचं कशाला?" आजीने विचारलं. "रिपोर्ट तर बाळाचा खराब आलाय ना?"

आला होता खरा. राज्यात नवा नियम झाला होता. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब तपासायचा. वरून धडधाकट दिसणाऱ्या बाळात एखादा जन्मजात आजार दडून बसलेला असला, तर तो वेळेत हाती लागावा म्हणून. या बाळाच्या रक्तात एक पदार्थ फारच कमी निघाला होता. शरीर चरबीतून ताकद काढतं, त्यासाठी तो लागतो. पण दुसऱ्या तपासणीत तोच आकडा वर सरकला. औषधाचा एक घोटही दिलेला नसताना. मधल्या काळात बाळाला वरचं दूध सुरू झालं होतं, एवढाच काय तो फरक. डॉक्टरीणबाईंना हे कोडं काही स्वस्थ बसू देत नव्हतं.

"असा आजार आपला आपण बरा होत नाही," त्या म्हणाल्या. "पोटात असताना बाळाला हा पदार्थ आईकडून मिळतो. आईकडेच नसेल तर ती देणार कुठून? वरच्या दुधातून मिळाला, तसा आकडा चढला." मग बाळंतिणीकडे वळून त्यांनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला?"

आजी हसली. "हिला बसल्या जागी दम लागतो. हिचे बाबा मालगाडी म्हणतात हिला. स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा पोचली ही!"

बाळंतीणही हसली. मालगाडी हे नाव ऐकतच ती मोठी झाली होती. शिलाईच्या कारखान्यात सगळ्यांत कमी कपडे तिच्या मशीनवरून उतरत. त्यावरून तिथे सुपरवायझर बोलायचा आणि घरी आई बोलायची. तिला दोघांचंही पटायचं. बाकीच्या बायका दिवसभर राबून वर गप्पा छाटतात आणि आपल्याला अंग उचलवत नाही, म्हणजे आपण आळशीच. हे तिने कधीचंच मान्य करून टाकलं होतं.

तिचं रक्त काढलं, पण प्रयोगशाळा ते घेईना.

"योजना नवजात बाळांची आहे, मॅडम," तिथला माणूस फोनवर म्हणाला. "कॉम्प्युटर वय दिवसांतच विचारतो. वर्षं टाकायला जागाच नाही."

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कागदावर गुणाकार केला. "मग टाका, दहा हजार दोनशे दिवस."

"दहा हजार दिवसांचं बाळ?"

"ते जन्मलं तेव्हा तुमची योजना नव्हती, त्याला ते काय करणार? आता तपासा."

रिपोर्ट आला त्या सकाळी मायलेकी पुन्हा त्याच खोलीत बसल्या होत्या. बाळ ठणठणीत होतं. त्याच्या आईच्या रक्तात मात्र तो पदार्थ जवळजवळ नव्हताच. जन्मापासूनच नव्हता.

"औषध आहे यावर," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. "रोज प्यायचं, आयुष्यभर. उपाशी राहायचं नाही आणि तूर्त दगदग बंद. यात हृदयावर ताण येतो. माणूस चांगला हिंडताफिरता असतो आणि एकदम कोसळतो."

बाळंतिणीने रिपोर्टचा कागद उचलून पाहिला. मग तिने नवलाने विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"छे हो! एवढ्याशा ताकदीवर तुम्ही कारखान्यातलं काम कसं ओढलंत, मला तर त्याचंच नवल वाटतंय."

आजीच्या हुंदक्याचा आवाज आला. बाळंतिणीने तिच्याकडे पाहिलं नाही. नुसता हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंचे प्रश्न मात्र संपले नव्हते. "हा आजार आईबाप दोघांकडून येतो. दोघांना काही होत नाही, पण पोरांत उतरू शकतो. उतरेलच असं नाही. तुम्हाला सख्खी भावंडं आहेत?"

"एक धाकटा भाऊ," बाळंतीण म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला. "तोही असाच. माझ्यावर गेलाय म्हणतात. त्याला पोलिसात भरती व्हायचंय. पळताना मागे पडतो म्हणून बाबा रोज सकाळी त्याला उपाशीपोटी मैदानावर नेतात."

"आत्ता कुठे आहे तो?"

याचं उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. आजीने नात डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि नवऱ्याला फोन लावला. पलीकडे कुणीतरी शिट्टी फुंकत होतं.

"अहो, त्याला थांबवा!" ती ओरडली. "आधी खाली बसवा आणि काहीतरी खायला घाला. कारण काय विचारताय? त्याच्या भाचीच्या रक्तातून त्याच्या बहिणीचा आजार सापडलाय!"