आठवी बाळंतीण

डोर्कास झोपडीच्या दारात लोकर पिंजत बसली होती. अर्खिप्पे टेकडी चढून धापा टाकत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझा शाप मागे घे."

डोर्कासने मान वर केली नाही. "कुणावरचा?"

"सकाळपासून माझ्या मेलित्ताला कळा येताहेत. माझ्यावर राग आहे ना तुझा? मग माझ्यावर काढ. लेकीला सोड."

एजिना बेटावरच्या त्यांच्या गावात बाळंतिणी मरत होत्या. द्राक्षं उतरल्यापासून सातजणी गेल्या. बाळंतपण सुखरूप व्हायचं, तिसऱ्या दिवशी ताप भरायचा, सहाव्या दिवशी बाई जायची. तीस वर्षांत सुईण अर्खिप्पेच्या हातून एकही बाई दगावली नव्हती. ती पेटून उठली. देवळाच्या पायरीवर उभी राहून तिने शपथ घेतली, हा विटाळ गावात कुणी आणला ते मी हुडकून काढीन आणि त्याला वेशीबाहेर घालवीन. मग तिने डोर्कासला हुडकून काढलं. एकटी विधवा, विहिरीवर स्वतःशीच पुटपुटणारी. बायकांनी दगड मारून तिला हाकललं, तेव्हा पहिला दगड अर्खिप्पेचा होता.

"मी निघाले तेव्हा चार गेल्या होत्या," डोर्कास म्हणाली. "त्यानंतर?"

"तीन."

"म्हणजे माझा शाप वेस ओलांडून आत येतो. आणि इथं शेजारी धनगरणी आहेत, त्यांना मात्र शिवत नाही. या हिवाळ्यात पाचजणी बाळंत झाल्या. नाळ मीच कापली, इथं दुसरं कोण येणार? ती बघ एक. पाठीला पोर बांधून शेळ्यांमागे चाललीय."

"धनगरणी काटक असतात."

"आणि तांबटाची सून? तू त्या दिवशी बंदरावर गेली होतीस म्हणून सासूनेच तिला मोकळं केलं. हिंडतेय की गावभर." डोर्कासने पहिल्यांदाच वर पाहिलं. "सुईणबाई, तू विहिरीत शोधलंस, माझ्या चुलीत शोधलंस. त्या सातजणींच्या घरी कोण कोण गेलं होतं, ते मोजलंस कधी?"

"तोंड सांभाळ! अर्धं गाव या हातांनी जन्माला घातलंय."

"म्हणून तर कुणी मोजलं नाही."

अर्खिप्पे रागाने वळली. दहा पावलं उतरली आणि थांबली.

पहिली गेली ती कुंभाराची बायको. जिवाभावाची मैत्रीण. तिचं प्रेत अर्खिप्पेनेच धुतलं, तिनेच सजवलं. बाहेर आली तर दोरवाल्याचा माणूस बोलवायला उभा. दारात रीतीप्रमाणे पाण्याचं मडकं ठेवलेलं होतं, मयताच्या घरातून निघणाऱ्याने हात धुवावे म्हणून. घाई होती. पण घाईमुळे राहिलं नव्हतं ते. "हात धू गं," असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ती हसून म्हणाली होती, "हे जीव देणारे हात. यांना कसला विटाळ?" सगळ्याजणी कौतुकाने हसल्या होत्या.

सहाव्या दिवशी दोरवाल्याची बायको गेली. तिलाही अर्खिप्पेनेच धुतलं. आणि त्याच दुपारी ती तिसऱ्या बाळंतिणीकडे गेली होती.

ती परत वर चढून आली. डोर्कास लोकर पिंजत राहिली.

अर्खिप्पे म्हणाली, "चल."

"कुठं?"

"मेलित्ताकडे. आत तू जा."

"आणि गावातल्या बायका मला वेशीत पाऊल टाकू देतील?"

"मी सांगेन त्यांना."

मेलित्ताच्या दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. डोर्कासला पाहताच दोघीतिघी दगड उचलायला वाकल्या. अर्खिप्पे मध्ये उभी राहिली. "टाका ते खाली. त्या सातजणी हिने मारल्या नाहीत. मी मारल्या."

"लेकीच्या काळजीने डोकं फिरलंय हिचं," एकजण पुटपुटली.

मग अर्खिप्पेने मडक्याचं सांगितलं. ती काय म्हणाली होती, तेही सांगितलं. त्या दिवशी हसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. वाट मोकळी झाली.

"आधी हात धू," अर्खिप्पे डोर्कासला म्हणाली. "आणि आत कुणी काही म्हणालं तरी पुन्हा धू."

दार लागलं. अर्खिप्पे गल्लीच्या पलीकडे भिंतीशी जाऊन बसली. आतून मेलित्ताची किंकाळी आली. "आई! कुठं आहेस गं? हात दे ना!"

अर्खिप्पेने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. पुन्हा हाक आली. आणि पुन्हा. ती जागची हलली नाही. तिचे ओठ दातांखाली फाटले होते.

दुपार कलताना बाळ रडलं. डोर्कास दारात आली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आता रीतीने तुझंच नाव लागेल नातीला."

"माझं नको. दुसरं कुठलंही ठेवा. आणि बऱ्या आहेत असं आज म्हणू नकोस."

तेवढ्यात झऱ्यावरून कोळ्याची पोटुशी सून घागर घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाळाचा आवाज ऐकून तिचा चेहरा खुलला. तिने घागर खाली ठेवली.

"आजी झालीस, मावशी! पुढच्या महिन्यात माझ्याकडे यायचंय हं. मी सासूला सांगून ठेवलंय, अर्खिप्पेमावशीचा हात लागल्याशिवाय मी काही मोकळी व्हायची नाही."

आणि तो हात आपल्या पोटावर ठेवून घ्यायला ती पुढे आली.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. अर्खिप्पे उठली आणि भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरली.

"तिथंच थांब, पोरी," ती म्हणाली. "सांगते मी सगळं. पण तू तिथंच थांब."