राहिलेली चाल

“परत चुकलं,” हाशिम म्हणाला. काळ्या पडद्यावर अशी आज्ञाच नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटली होती.

विमलावैनींनी सरबताचा पेला लॅपटॉपपासून जरा लांब ठेवला. “सावकाश करा. घाई कुणाला आहे?”

लॅपटॉप हाशिमच्या मुलीचा, तूबाचा. मस्कतहून आणलेल्या सात फ्लॉप्यांपैकी शेवटची तेवढी वाचता आली होती. तिच्यातल्या फाइली तूबाने उतरवून दिल्या आणि जुन्या संगणकाची नक्कल करणारा एम्युलेटरही टाकून दिला. पुढच्या आज्ञा हाशिमने स्वतः टाइप करायच्या होत्या. आधी फाइलींचं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचं, मग सी आणि दोन टिंबं, मग खेळाचं नाव. पहिल्याच ओळीत मधली मोकळी जागा राहून जात होती.

त्र्याण्णव साली वैनींच्या नवऱ्याने, रघूने, खालच्या आळीतल्या या घरात संगणकाचा क्लास काढला. त्याचा दोस्त हाशिम तेव्हा मस्कतला कारकून. दोघांत बुद्धिबळाचा डाव ठरला. फ्लॉपीवर एक चाल करायची आणि जवळच्या राजिवडा मोहल्ल्यातलं कुणी मस्कतला जाणारं-येणारं असेल त्याच्या हाती द्यायची. एकेका चालीला दोन-दोन महिने लागत. चौथ्या वर्षी हाशिमची कंपनी बंद पडली, फ्लॉप्या पेटीत गेल्या आणि त्याची चाल राहिली. मग लाजेपायी पत्रही राहिलं. गेल्या शिमग्यात रघू गेला. हाशिम कायमचा परतला तो मागच्या महिन्यात.

“माझ्या चालीचा विषय निघायचा का हो, वैनी?”

“फ्लॉपी आली काय, हे या घरात रोज विचारणं व्हायचं. पुष्कळ वर्षं.”

हाशिमने मान खाली घातली. मग ओळ नीट टाइप करून त्याने एन्टर दाबलं. पडदा निळा झाला, पट उघडला. मोहरी होती तिथेच उभी होती.

“बघा, वजीर कसा दडवून ठेवलाय,” तो हळूच म्हणाला. “बोलायचा कमी, पण डोकं असं.”

वैनी पदराला हात पुसत त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

पुढची चाल हाशिमने इतक्या वर्षांत हजारदा मनात केली होती. घोडा पुढे टाकला की तीन चालींत मात. रघूच्या नजरेतून ते सुटलं होतं. पण आता गेलेल्या माणसाला हरवायचं कसं? वाट बघायला लावली, तेवढं पुरे होतं. हाशिमने घोडा तसाच ठेवला आणि आपला वजीर उचलून समोरच्या उंटाच्या तोंडी नेऊन दिला.

“जिंकलास, रघू,” तो पुटपुटला.

“ही चाल मागे घ्या, हाशिमभाई,” वैनी म्हणाल्या. “घोडाच टाका. फ्लॉपी तुमच्याकडे धाडली त्याच संध्याकाळी माझी चूक माझ्या ध्यानात आली होती.”